बिल्डिंग पाडताना वाचवलेला जुनिपर – आता याचा बोन्साय कसा करू?

पाचपाखाडी_पक्या | २८ जानेवारी, रात्री ११:१२

मंडळी नमस्कार, बागकाम विभागात पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, आम्ही सध्या भाड्याने पाचपाखाडीत. जुन्या कंपाउंडात तळमजल्यावरच्या काकांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी गेटच्या दोन बाजूंना दोन जुनिपर लावले होते. एक केव्हाच वाळला, दुसरा भिंतीच्या सावलीत वाकडातिकडा वाढत राहिला. तो डेब्रिजच्या ट्रकात जाणार हे कळल्यावर जीव राहिना. काकांना विचारलं, सेक्रेटरींना सांगितलं, दोन माणसं आणि एक पहार, दीड तास. ३ जानेवारीला काढला. आता अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये गच्चीवर आहे. उंची चार फूट, खोड माझ्या मनगटाएवढं, बुंध्याशी मस्त वळण. फोटो टाकलेत.

आता याचा बोन्साय करायचाय. व्हिडिओ बघून बघून डोळे गेलेत, एक जपानी आजोबा तर वीस मिनिटांत झुडपाचं शिल्प करतात. जांभळी नाक्यावरून अ‍ॅल्युमिनियमची तार पण आणलीय. वाकलेला करू की कड्यावरून खाली लोंबणारा? गुढीपाडव्यापर्यंत रेडी व्हावा असं डोक्यात आहे. मार्गदर्शन करा.

---

रानजाई | २८ जानेवारी, रात्री ११:४०

आधी एक सांगा, हा जुनिपरच आहे ना? तिसऱ्या फोटोत मला मोरपंखी वाटतेय. नर्सरीवाले दोन्हीला काहीही म्हणतात.

---

खोडसाळ | २८ जानेवारी, रात्री ११:५२

मोरपंखी म्हणजे विद्या ना? चौथीत वहीत ठेवायचो, परीक्षेत पास होण्यासाठी. मोरपिसाला खडूचा चुरा खायला घातला की पिल्लं होतात, हे पण त्याच वहीत. पिल्लं झाली नाहीत आणि गणितात बावीस पडले. तेव्हापासून माझा वनस्पतीशास्त्रावर विश्वास नाही.

---

गच्चीवाली_ताई | २९ जानेवारी, सकाळी ६:३५

रानजाई, शंका बरोबर आहे पण हा जुनिपरच. मोरपंखीची पालवी चपटी असते, पुस्तकाची पानं उभी ठेवावी तशी एका पातळीत, आणि तिच्या फळाला बारीक आकडे असतात. याची पालवी दोरीसारखी गोल आहे आणि पाचव्या फोटोत निळसर गोळी दिसतेय बघा, ते याचं फळ. खाली थोडी टोचरी, वर खवल्यांची, अशी दोन तऱ्हेची पालवी एकाच झाडावर आहे. चायनीज जुनिपर असणार, पंचवीस वर्षांपूर्वी बागांमधून बराच लावायचे.

आता पक्या, रागावू नका पण तार परत पिशवीत ठेवा. झाड काढून महिनासुद्धा झालेला नाही. तुम्ही जमिनीतून काढलंत म्हणजे निम्म्याहून जास्त मुळं तिथेच राहिली. जी उरलीत ती नवी तंतुमुळं काढेपर्यंत याच्याकडे जगायला काय आहे? ही पालवी. जुनिपर आपली ताकद पालवीत ठेवतो, वडा-पिंपळासारखी खोडात नाही. आत्ता छाटलंत तर मुळं तोडलेल्याचं जेवणही काढून घेतल्यासारखं होईल.

आणखी एक, हिरवा दिसतोय म्हणून खूश होऊ नका. जुनिपर मेला तरी महिना-दीड महिना हिरवाच दिसतो. मेल्याचं तुम्हाला कळतं तेव्हा तेरावं उलटून गेलेलं असतं. टोकं फिकट, पोपटी, मऊ दिसायला लागली की समजा मुळं धरली.

तीन प्रश्न: माती कुठली घातलीत? हलवलं की डुगडुगतं का? आणि काढल्यापासून आत्तापर्यंत काय काय कापलंय? खरं सांगा.

---

खोडसाळ | २९ जानेवारी, सकाळी ८:१०

"खरं सांगा". ताई, माझी आई अगदी याच सुरात विचारायची, बावीसचा पेपर हातात घेऊन.

---

पाचपाखाडी_पक्या | २९ जानेवारी, दुपारी १:२२

बरं, खरं सांगतो. आणला त्याच संध्याकाळी खालच्या तीन फांद्या कापल्या. खालून खोड मोकळं दिसावं म्हणून. दोघींचे चार-चार बोटं खुंट राहिलेत, एक अगदी खोडालगत कापली आणि वर हळद लावली. माती लाल माती आणि शेणखत, नर्सरीवाल्याने दिली. आणि हो, डुगडुगतं.

---

ऐरोलीचा_उंबर | २९ जानेवारी, दुपारी ३:०५

पक्या, नाउमेद करायचं नाहीये पण स्पष्ट बोलतो. मी तीन जुनिपर मारलेत, तिन्ही ऐरोलीत. हा थंड हवेचा गडी, त्याला हिवाळ्यात झोप लागते. आपल्याकडे हिवाळा म्हणजे काय तर पंखा दोनवर. वर चार महिने पाऊस, ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यात तुमची लाल माती म्हणजे चिखलाचा लाडू. तिन्ही ऑगस्टमध्ये गेले.

त्यापेक्षा मान वर करून बघा. कुठल्याही जुन्या बिल्डिंगच्या ड्रेनेज पाइपला उंबर, पिंपळ, वड लटकलेला असतो, फुकट. माझा उंबर ऐरोलीतल्याच एका गटाराच्या कठड्यातून काढलाय, मुळं ओंजळभर पण नव्हती, पानं सगळी काढून टाकली होती, दोन महिन्यांत पालवला. जिथे आपण राहतो तिथलं झाड करावं. जपानी लोकांनी त्यांच्या डोंगरातलं उचललं, त्यांनी काय ठाण्याहून उंबर मागवला?

---

मुळापासून_पुणेकर | २९ जानेवारी, संध्याकाळी ७:४८

उंबरराव, तीन मारले म्हणजे झाड वाईट असं नसतं हो. माझा जुनिपर कोथरूडला नऊ वर्षं ठणठणीत होता, गेली चार वर्षं कोलशेतला आहे. पुण्यापेक्षा मंद आहे हे मान्य, पण आहे. फक्त माती बदलली, मातीच काढून टाकली असं म्हणा. आणि इथे तर हे झाड पंचवीस वर्षं नौपाड्याच्या जमिनीत पावसाळे काढून बसलंय, त्याला कोण शिकवणार ठाण्याची हवा!

---

ऐरोलीचा_उंबर | २९ जानेवारी, रात्री ८:०२

जमिनीत आणि कुंडीत फरक असतो. आणि पुण्याचा विषय निघाला की हवा निघतेच.

---

सासूबाईंची_सून | ३० जानेवारी, सकाळी १०:१५

मला एक कळत नाही, घरात बोन्साय ठेवला की प्रगती खुंटते म्हणतात ना? सासूबाईंनी माझा कामिनीचा बोन्साय जिन्यात काढून ठेवलाय, आणि जिन्यात ठेवल्यापासून तो वाळतोय. शिवाय तारांनी बांधून झाडाला छळणं मनाला पटत नाही हेही खरं. विचारतेय फक्त.

---

गच्चीवाली_ताई | ३० जानेवारी, दुपारी १२:०४

सूनबाई, जिन्यात ऊन नाही म्हणून वाळतोय, वास्तूचा काही संबंध नाही. सासूबाईंना सांगा, बोन्साय तसाही घरात ठेवायचाच नसतो, गॅलरीत किंवा गच्चीत ठेवायचा. म्हणजे त्यांचंही खरं, तुमचंही खरं आणि झाडाचंही भलं.

छळाबद्दल. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये एक पाइन आहे, १६२५ सालापासून कुंडीत. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो तिथेच होता, स्फोटापासून साधारण तीन किलोमीटरवर, मालकाच्या घराच्या भिंतीआड. वाचला. १९७६ मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला. छळलेलं झाड चारशे वर्षं जगत नाही हो. पिढ्यान्‌पिढ्या रोज कुणीतरी पाणी घातलंय त्याला.

---

खोडसाळ | ३० जानेवारी, दुपारी १२:३०

ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच भेट? आमच्याकडे पार्किंगवरून दोन विंगा दहा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत.

---

वकीलसाहेब_चरई | ३० जानेवारी, रात्री ९:४१

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण उंबरसाहेबांची "फुकट" पोस्ट वाचून राहवलं नाही. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. झाड काढायचं तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या कंपाउंडातलं असलं तरी. रिडेव्हलपमेंटच्या कागदांत झाडांची यादी असते, पक्या, तुमचा जुनिपर त्यात होता का?

---

पाचपाखाडी_पक्या | ३० जानेवारी, रात्री १०:२०

होता साहेब. काढायच्या झाडांत, शेवटून दुसरा. सेक्रेटरींनी कागद दाखवला तेव्हाच हात लावला.

---

कोपरीकर | ३१ जानेवारी, सकाळी ९:००

म्हणजे येऊरला जाऊन एखादं वाकडं रोप उपटून आणायचा माझा रविवारचा बेत रद्द?

---

वकीलसाहेब_चरई | ३१ जानेवारी, सकाळी ९:०६

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा. उपटून आणा, मग आपण ऑफिसात भेटू. माझी फी बोन्सायपेक्षा जास्त आहे.

---

भटकभवानी | ३१ जानेवारी, रात्री ११:३३

ट्रेकवाल्यांनो तुम्हीही ऐका. लडाखला गेले होते तेव्हा एका गोम्प्याजवळ जुनिपरचं जुनं झाड पाहिलं, तिथे त्याला शुक्पा म्हणतात, पाला धुपासारखा जाळतात, मंदिरात शिरलं की तोच वास. खोडाची अर्धी बाजू पांढरी, हाडासारखी गुळगुळीत, आणि उरलेल्या अर्ध्या बाजूने एक लाल सालीचा पट्टा वर चढत गेलेला आणि त्याच्या टोकाला तेवढी हिरवी पालवी. बाकी सगळं मेलेलं. मी अर्धा तास नुसती बघत बसले होते. आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणे छोटं रोप सॅकमधून नेऊया. तिथे बोटभर जाड व्हायला किती वर्षं लागत असतील, आणि आणून मारायचं कुठे तर मुलुंडच्या ग्रिलमध्ये. त्याला एवढं झापलं की परत येईपर्यंत बोलला नाही.

पक्याचं झाड ट्रकात जाणार होतं म्हणून वाचवलं, हे वेगळं.

---

गच्चीवाली_ताई | १ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

भवानी, तू बघितलंस तेच या सगळ्या खटाटोपाचं मूळ आहे. तो लाल पट्टा म्हणजे जिवंत शीर. जुनिपरमध्ये साधारण एक मूळ ठरावीक फांदीला पाणी पोचवतं. वादळात, दरड कोसळून मूळ तुटलं की त्याच्या वरची बाजू मरते, साल गळते, लाकूड उन्हाने पांढरं पडतं, पण बाकीचं झाड जगत राहतं. मेलेल्या फांदीला जपानीत जिन म्हणतात आणि खोडावर सोललेल्या पट्ट्याला शारी. आपण कुंडीत तेच करतो, फक्त डोंगराऐवजी चाकूने.

पक्या, ते वीस मिनिटांत शिल्प करणारे आजोबा म्हणजे मासाहिको किमुरा असावेत. जन्म १९४०, पंधराव्या वर्षी ओमियाला गुरूकडे राहिले, अकरा वर्षं. तुम्ही वीस मिनिटं बघितलीत, ती अकरा वर्षं व्हिडिओत नसतात. आणि ते झाड त्याआधी काही वर्षं कुंडीत मुळं धरून तयार झालेलं असतं हेही दाखवत नाहीत.

आता तुमच्या झाडाचं:

डुगडुगतंय ते आजच्या आज थांबवा. ड्रमला चार भोकं पाडा, त्यातून सुतळी किंवा तार घेऊन बुंधा चारी बाजूंनी आवळून बांधा, सालीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून. वाऱ्याने खोड हललं की नवी तंतुमुळं तुटतात, रोज थोडी थोडी.

लाल माती काढायची आहे पण आत्ता नाही, परत मुळं उघडी करू नका. ड्रमच्या तळाला आणि बाजूला खालच्या अंगाला भोकं वाढवा म्हणजे पाणी साचणार नाही. शेणखत वरून जेवढं निघेल तेवढं काढा.

सकाळचं ऊन, दुपारी हिरवी जाळी. पालवीवर दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा. मुळाशी मात्र वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही.

आणि खुंट दोन ठेवलेत ते देवाने तुम्हाला सुबुद्धी दिली म्हणून, त्यांचे जिन होतील. तिसरा लगत कापलात, तिथे आता फक्त जखम आहे. हळदीने काही होत नाही, झालंच तर कढीची आठवण येते.

---

पाचपाखाडी_पक्या | १ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

बांधला. ताई, म्हणजे पाडव्याचं विसरू?

---

गच्चीवाली_ताई | १ फेब्रुवारी, सकाळी ९:२८

कुठल्या पाडव्याचं ते बोलला नव्हतात. दिवाळीचा पण पाडवाच असतो.

---

मुळापासून_पुणेकर | १ फेब्रुवारी, रात्री ८:५५

मातीचं मी सांगतो, पुढे बदलाल तेव्हा कामाला येईल. विटांचे तुकडे, पण जुन्या भाजलेल्या विटांचे, तुमच्याकडे तर अख्खी बिल्डिंग पडतेय. हातोडीने फोडायच्या, गव्हाच्या चाळणीने आधी भुकटी काढून टाकायची, उरलेल्यातले हरभऱ्याएवढे दाणे ठेवायचे. त्यात जाड वाळू किंवा बारीक खडी. कोकोपीट मूठभरच, पावसाळ्यात तो फडक्यासारखा पाणी धरून बसतो. जपानी अकादामा माती ऑनलाइन मिळते पण त्या भावात केशर येतं. चाळणी नवी आणा, स्वयंपाकघरातली वापरलीत तर पुढचं मी बघणार नाही.

---

ऐरोलीचा_उंबर | १ फेब्रुवारी, रात्री ९:३०

हे मात्र बरोबर. माझे तिन्ही गेले ते लाल मातीतच होते, हे मी आधी लिहिलं नाही.

---

खोडसाळ | १ फेब्रुवारी, रात्री ९:३३

धाग्यात इतिहास घडला. स्क्रीनशॉट घेतलाय.

---

पाचपाखाडी_पक्या | ९ मे, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. मध्ये सगळं ठीक होतं, मार्चअखेर टोकं पोपटी झाली, मी नाचलो. आता पंधरा दिवसांपासून एका बाजूची पालवी राखाडी, धूळ बसल्यासारखी झालीय. धुतली तरी जात नाही. उकाडा भयंकर आहे. मेला का?

---

गच्चीवाली_ताई | १० मे, सकाळी ६:२०

पांढरा कागद घ्या, त्या फांदीखाली धरा, फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. बोट फिरवा, लालसर रेघ उमटते का बघा.

---

पाचपाखाडी_पक्या | १० मे, सकाळी ७:०२

चालतायत!!! ई.

---

गच्चीवाली_ताई | १० मे, सकाळी ७:१५

कोरड्या उष्ण हवेत हे फोफावतात. तीन-चार दिवसांआड नळीने जोरात पाणी, पालवीच्या खालून आणि आतून, ड्रमची माती प्लास्टिकने झाकून. संध्याकाळी निंबोळी तेल, पाण्यात थोडा साबण घालून, पण भर उन्हात नाही, पालवी भाजते. राखाडी झालेलं परत हिरवं होणार नाही. नवीन येतंय का तेवढंच बघायचं. आणि ती हिरवी जाळी भिंतीला चिकटून बांधलीय का? वारा खेळू द्या.

---

सासूबाईंची_सून | १० मे, सकाळी ११:४०

माझी कामिनी जिन्यातून गच्चीत गेली, फुलली पण. सासूबाई आता पूजेला फुलं तिथूनच तोडतात. कुणाची प्रगती खुंटलेली नाही, यांचं प्रमोशन मात्र अजून अडलंय, ते आधीपासूनच अडलेलं होतं.

---

पाचपाखाडी_पक्या | १७ ऑगस्ट, रात्री ११:५०

पावसाचं अपडेट. गच्चीच्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला प्लास्टिकचा तिरका पत्रा लावलाय, थेट मारा नाही. ड्रम दोन विटांवर उचललाय. झाड जिवंत आहे आणि मधूनच टोकं अशी लांब धावतायत की बस. ही चिमटीने खुडू का? व्हिडिओत खुडतात.

---

गच्चीवाली_ताई | १८ ऑगस्ट, सकाळी ६:४५

नाही! जुन्या पुस्तकांत खुडायला सांगितलंय, पण बोटांनी खुडलं की टोकं तपकिरी पडतात आणि झाड अशक्त होतं. ही धावणारी टोकंच मुळं वाढवतायत, धावू दे. पुढे कधी आवरायचं झालं तर कात्रीने, लांब गेलेलं टोक तेवढंच, त्याच्या मुळाशी, बाजूची हिरवळ ठेवून. एक सूत्र पाठ करा: जुनिपरच्या फांदीवर हिरवं उरलं नाही तर ती फांदी संपली. उघड्या लाकडातून तो परत फुटत नाही. उंबररावांच्या उंबरासारखं भादरून टाकता येत नाही.

---

कोपरीकर | १८ ऑगस्ट, सकाळी १०:३०

माझ्या डोक्याचंही तेच झालं, उघड्या लाकडातून परत फुटलं नाही.

---

पाचपाखाडी_पक्या | २२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

दिवाळीचा पाडवा झाला, ताईंनी मुदत पाळली. परवा त्या नेरूळहून स्वतः आल्या, सोबत ऐरोलीचे उंबरराव, हातात पिशवीभर तार. आमच्या गच्चीवर चार तास भांडण चाललं होतं, खाली बायकोला वाटलं सोसायटीची मीटिंग आहे.

भांडण "समोरची बाजू कुठली" यावरून. उंबरराव म्हणे बुंध्याचं वळण डावीकडे झुकलेलं दिसायला हवं. ताईंनी अर्धा तास झाडाला हातच लावला नाही, खुर्ची घेऊन चारी बाजूंनी बसल्या. मग खोडाजवळची माती बोटांनी बाजूला सारली आणि मुळापासून वर जाणारी शीर शोधली, दात घासायच्या जुन्या ब्रशने वरची सुटलेली साल घासली की खाली लालसर तपकिरी पट्टा उमटतो. तो पट्टा बुंध्यावरून फिरत मागच्या फांदीला जातो. मी लगत कापलेल्या फांदीखालची बाजू मात्र पूर्ण मेलीय, खालपर्यंत. मी हिरमुसलो तर ताई म्हणाल्या, हीच तुमची शारी, तुम्ही नकळत करून ठेवलीत. म्हणजे समोरची बाजू ठरली ती माझ्या चुकीवरून.

मग काम असं झालं:

दोन खुंटांची साल चाकूने गोल काप देऊन काढली, पकडीने लाकडाचे धागे ओढून ओढून फाडले, कापल्यासारखं नको, तुटल्यासारखं दिसायला हवं म्हणून. शेंड्याचं ठरत नव्हतं. चार फुटांचं झाड कुंडीत टेलिफोनच्या खांबासारखं दिसलं असतं. उंबरराव म्हणे कापा. ताई म्हणाल्या आज नाही, निम्मी पालवी एकदम गेली तर हा टोचरी पालवी काढायला लागेल आणि खवल्यांवर परत यायला दोन-तीन वर्षं घालवेल. शेंड्याचा फक्त तिसरा हिस्सा विरळ केला, पुढच्या वर्षी त्याचा जिन.

तार: माझी जांभळी नाक्याची अ‍ॅल्युमिनियम बारीक फांद्यांना चालली. मागची जाड फांदी खाली आणायला उंबररावांनी वागळे इस्टेटमध्ये मोटार बांधणाऱ्याकडून तांब्याची जुनी तार आणली होती, गवताच्या आगीत लाल करून मऊ केलेली. फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी तार, पंचेचाळीस अंशात. आधी ओला काथ्या, त्यावर ट्यूबची पट्टी, त्यावर तार. वाकवताना एकदा "कट्" असा आवाज आला, तिघांनीही श्वास रोखला. सालीला चीर गेलीय थोडी, तिथेच थांबलो. ताई म्हणाल्या सहा महिन्यांनी अजून दोन बोटं वाकवू, घाई कुणाला आहे.

चुना-गंधकाचं पाणी अजून लावलं नाही, लाकूड आधी वाळू द्यायचंय. त्याला म्हणे सडक्या अंड्याचा वास येतो, लावताना पिवळं आणि वाळलं की पांढरं. वरच्या मजल्यावरच्यांना आधीच सांगून ठेवलंय.

ड्रम तसाच आहे. ट्रेमध्ये पुढच्या जानेवारीनंतरच, तेही विटांच्या दाण्यांत. बिल्डिंगच्या विटांची दोन पोती आणून ठेवलीत, चाळणी नवी घेतलीय.

---

ऐरोलीचा_उंबर | २२ नोव्हेंबर, रात्री ९:४४

नोंदीसाठी: मला अजूनही डावी बाजूच समोर हवी होती. पण शारी बघितल्यावर गप्प बसलो. आणि चौथा जुनिपर आणतोय.

---

भटकभवानी | २२ नोव्हेंबर, रात्री १०:३०

चौथ्या फोटोत खालून वर जाणारी ती लाल रेघ... गोम्प्याजवळचंच झाड वाटलं क्षणभर. मागे वाळत घातलेले टॉवेल सोडून.

---

मुळापासून_पुणेकर | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:००

काकांना दाखवलंत का?

---

पाचपाखाडी_पक्या | २३ नोव्हेंबर, रात्री ८:३७

हो. ते आता मुलाकडे डोंबिवलीला असतात, रविवारी आले होते. गुडघे दुखतात तरी जिने चढून आले, लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. बराच वेळ बघत होते. तारा बघून म्हणाले, याला काय फ्रॅक्चर झालंय का. मग खाली वाकून बुंध्याशी एक गंजकी खूण दाखवली, मला वर्षभरात दिसली नव्हती. दुसरं झाड वाळलं त्या वर्षी याला आधार म्हणून त्यांनी लोखंडी सळई बांधली होती आणि सोडायची राहिली, ती रुतली होती. बुंध्याचं ते वळण, ज्याच्यावरून दोघं चार तास भांडले, ते त्या सळईमुळे.

---

खोडसाळ | २३ नोव्हेंबर, रात्री ८:५०

म्हणजे पहिली तार काकांनीच बांधली.

---

कळव्याहून_कळवतो | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:१२

नवीन सभासद. पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. आमचीही बिल्डिंग मार्चमध्ये खाली करायचीय, कंपाउंडात बोगनवेल आहे, खोड मांडीएवढं. सेक्रेटरी आणि मी बोलत नाही, पार्किंगवरून. कागदात झाड आहे का हे कुणाकडे विचारू?

---

वकीलसाहेब_चरई | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरण विभागात लेखी अर्ज करा, पोच घ्या. आणि सेक्रेटरीशी बोला हो, बोगनवेल मांडीएवढी आहे, एकट्याने निघणार नाही.